मला उठू वाटंना

लातूरच्या ट्युशन एरियात माझं मुलींचं वसतिगृह आहे. दोन मजले, एक गच्ची, सव्वीस मुली. त्याआधी सत्तावीस वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मुली मला काकू म्हणतात, त्यांचे आईवडील मॅडम म्हणतात.

आमच्या जेवणघराच्या दाराशी खिळ्याला एक वही टांगलेली असते. सकाळी कोणी डबा नेला आणि संध्याकाळी तो कसा परत आला, एवढीच नोंद तिच्यात असते. डबा रिकामा आला तर बरोबरची खूण, अर्धा आला तर आडवी रेघ, भरलेला आला तर गोल. ही वही मी हिशेबासाठी सुरू केली होती. पोळ्या किती लाटायच्या, भाजी किती आणायची, एवढाच तिचा उपयोग. आता मी ती रोज रात्री केसपेपर वाचावा तशी वाचते. एका मुलीमुळे मला तसं वाचायला लागलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुलगी बारावीत होती, दहावीला चांगले गुण मिळवून नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला आलेली. वडिलांची थोडी कोरडवाहू जमीन. अकरावीचं वर्षभर तिचा डबा स्वच्छ परत यायचा. कधी गावाहून एसटीने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची, ती सगळ्या खोलीत वाटून खायची. बारावीच्या सप्टेंबरात वहीत तिच्या नावापुढे गोल दिसू लागले. आधी आठवड्यात दोन, मग चार, मग सलग नऊ दिवस. रविवारी गच्चीवर केस वाळवत बसणाऱ्या मुलींत ती दिसेनाशी झाली. दुपारी क्लासला जायच्या वेळी पांघरूण घेऊन पडून राहायची. तीन वेळा क्लास बुडाला, तेव्हा वडिलांच्या फोनवर क्लासचा मेसेज गेला आणि वडिलांचा मला फोन आला.

मी वर गेले. खोलीत आणखी दोघी होत्या, त्यांच्यासमोरच मी तिला म्हणाले, "बाप उन्हात राबतोय आणि तू दुपारी झोपतेस?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काकू, मला उठू वाटंना." मी म्हणाले, "मनावर घेतलं की सगळं होतं."

माझं हे वाक्य मी विसरलेले नाही. जीवशास्त्र शिकवलेल्या बाईने ते उच्चारलं होतं.

आमच्या मराठवाड्याच्या बोलीत 'वाटंना' हा फार नेमका शब्द आहे. 'मी उठत नाही' यात उठणं-न उठणं माझ्या हातात असतं. 'मला उठू वाटंना' यात ते माझ्या हातात उरलेलं नसतं. उठावं असं वाटणंच आतून येईनासं झालेलं असतं. जेवू वाटंना, बोलू वाटंना, अंघोळ करू वाटंना. नैराश्याचं याहून अचूक वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. ती मुलगी मला तिचा आजार तीन शब्दांत सांगत होती आणि मी तिला आळशी ठरवत होते.

आठवड्याभराने रात्री साडेअकराला तिची खोलीतली मैत्रीण माझ्या दारात आली. ही रात्र रात्र झोपत नाही, जिन्यात बसून राहते, 'मी नसले तर सगळ्यांचंच बरं होईल' असं म्हणाली, हे तिने मला थरथरत सांगितलं. त्या रात्री मी मुलीजवळच बसून राहिले. पहाटेच्या पहिल्या एसटीने तिची आई आली. दुपारी आम्ही तिघी मनोविकारतज्ज्ञांसमोर बसलो होतो.

डॉक्टरांनी पहिला अर्धा तास अभ्यासाचं एक अक्षर काढलं नाही. झोप कधी लागते, जाग कधी येते, काय खातेस, पाळी वेळेवर येते का, अंघोळ कधी केलीस, पूर्वी काय करायला आवडायचं. (तिला रांगोळी आवडायची, हे मला त्या दिवशी कळलं.) मग त्यांनी अगदी सरळ विचारलं, मरून जावं असं वाटतं का? तिने हो म्हटलं. माझ्या छातीत धस्स झालं, पण तिचे खांदे मात्र पहिल्यांदा सैल पडलेले मी पाहिले. असा प्रश्न विचारल्याने मुलाच्या डोक्यात भलता विचार शिरतो, ही भीती खोटी आहे. तो विचार आधीच तिथे असेल तर कोणीतरी विचारल्याने मुलाचं ओझं हलकं होतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.२ निघालं, थायरॉईड ठीक होतं. निदान दोन गोष्टींचं झालं, नैराश्याचं आणि रक्तक्षयाचं. गोळ्या, समुपदेशन, लोह आणि काही दिवस घरी विश्रांती.

त्यानंतर मी हा विषय एखादा विद्यार्थी अभ्यास करेल तसा वाचत आले आहे. जे समजलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. झोप, जेवण, हालचाल या गोष्टींचा आणि किशोरवयातल्या नैराश्याचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. झोप सतत कमी पडली, अंगाला हालचाल मिळाली नाही, पोटात धड अन्न गेलं नाही, तर मन आजारी पडण्याचा धोका वाढतो. आणि मन आजारी पडलं की सर्वांत आधी बिघडतात त्या याच गोष्टी. नैराश्याचं निदान करताना डॉक्टर जी नऊ लक्षणं पाहतात, त्यातली चार थेट शरीराची आहेत. झोप बिघडणं, भूक किंवा वजन बदलणं, थकवा, आणि हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थपणे वाढणं. यातली काही लक्षणं मन उदास असणं किंवा कशातच रस न वाटणं यांच्यासह दोन आठवडे जवळजवळ रोज दिसत असतील, तर डॉक्टर गाठायचाच असतो. किशोरवयात अनेकदा उदासीऐवजी चिडचिड दिसते, त्यामुळे घरचे म्हणतात, 'वयच तसं आहे.' रडणारं लेकरू सगळ्यांना दिसतं. ताट सरकवून देणारं, खेकसणारं लेकरू उद्धट ठरतं.

अशी मुलं थोडी नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असतो. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळले. हे प्रमाण लावलं तर माझ्या सव्वीस मुलींत एक-दोघी सहज असणार.

मुलींच्या सवयी बिघडल्या आहेत, असं आम्ही मोठी माणसं सारखं म्हणतो. सवय म्हणजे माणूस रोज जे करतो ते. आणि या मुली रोज काय करतात हे ठरवतं कोण? मी एकदा पाटी घेतली आणि त्या मुलीचा आजारी पडण्यापूर्वीचा दिवस त्यावर मांडला. सव्वापाचला गजर. सव्वासहा ते नऊ क्लास. दहा ते दोन कॉलेज. चार ते आठ पुन्हा क्लास. साडेआठला जेवण. नऊ ते साडेबारा अभ्यास. झोपेसाठी उरले पावणेपाच तास. रविवारी परीक्षा. या दिवसातली एकही वेळ तिने ठरवलेली नव्हती. ती क्लासने, कॉलेजने, वडिलांनी आणि मी मिळून ठरवली होती. सकाळी सव्वापाचला दार वाजवून उठवणारी मीच होते, आणि पालकांना हे मी अभिमानाने सांगायचे.

१३ ते १८ वयाच्या मुलांना चोवीस तासांत ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. आमच्या पाटीवर त्याच्या निम्मीच होती. वर निसर्गाचाही एक नियम आहे, जो मी स्वतः वर्गात शिकवायला हवा होता. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. अंधार पडल्यावर झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहान मुलांत जितक्या लवकर वाढू लागतं, त्यापेक्षा किशोरांत उशिरा वाढतं. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्स्काडन यांनी यावर कित्येक दशकं काम केलं आहे. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलीला सहसा रात्री अकराआधी झोप येत नाही, यात तिचा हट्ट नसतो, तिच्या शरीराची ती रीत असते. तिला पहाटे पाचला उठवणं म्हणजे ऐन झोपेतून ओढून काढणं. आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. झोप कापून केलेला अभ्यास म्हणजे ओल नसलेल्या जमिनीत केलेली पेरणी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आदेश काढला, पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलांची झोप पुरी होत नाही, हे कारण सरकारनेच मान्य केलं. आदेश चांगलाच आहे. पण ज्यांचं शरीर उशिरा झोपण्यासाठी बदलतं, ती मुलं चौथीनंतरची. त्यांना हा आदेश लागू नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं की या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी नकोत. कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून मोठ्या वर्गांसाठी तसा कायदाच लागू झाला. आमच्या गल्लीत साडेआठपर्यंत पहिली बॅच संपत आलेली असते.

हालचालीचं पाहू. ५ ते १७ वयात रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ११ ते १७ वयाच्या जगभरातल्या शाळकरी मुलांत ८१ टक्के मुलं इतकी हालचाल करत नाहीत, आणि मुलींत हे प्रमाण ८५ टक्के आहे. हे आकडे २०१६ चे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले. माझ्याकडच्या मुलींना मी विचारलं, शेवटचं कधी धावलात? बहुतेकींचं उत्तर सातवी-आठवी. पाळी सुरू झाली, मैदान सुटलं. दहावीला पीटीचा तास गणिताच्या सरांनी घेतला. अकरावीत खेळाचा तास फक्त कागदावर राहिला.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरात जन्मलेल्या ४,२५७ मुलांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बाराव्या, चौदाव्या आणि सोळाव्या वर्षी त्यांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र काही दिवस बांधलं आणि अठराव्या वर्षी त्यांच्यातली नैराश्याची लक्षणं मोजली. बाराव्या वर्षी ज्यांची हलकी हालचाल रोज तासभर जास्त होती, त्यांच्यात लक्षणांचं मोजमाप सुमारे दहा टक्के कमी आलं. हलकी हालचाल म्हणजे व्यायामशाळा नव्हे. चालणं, घरातलं काम, उभ्याने केलेली लहानसहान कामं. असल्या अभ्यासातून संबंध दिसतो, हेच एकमेव कारण आहे असं सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण शेतातून, अंगणातून, चुलीपाशी बसण्या-उठण्यातून जी हालचाल या मुलींना गावी आपोआप मिळत होती, ती आपण त्यांना बाकावर बसवून काढून घेतली आहे. 'आता तुला काही काम नाही, फक्त अभ्यास कर,' हे आईबाप प्रेमाने म्हणतात. त्या प्रेमात लेकरू दिवसाचे चौदा तास बसून राहतं.

मग जेवण. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या देशातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. दहातल्या सहा. रक्त कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही, धाप लागते, चिडचिड होते. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही पुष्कळ दिसते आणि तीही थकवा व उदासी वाढवते. सकाळी सहाला चहा-बिस्कीट, डबा खायचा तर घाईत दहा मिनिटांत, रात्री भूक मेलेली. अशा मुलीला 'मन लावून अभ्यास कर' म्हणताना मन ज्या शरीरात राहतं त्याच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं. रक्तक्षय बरा झाला की नैराश्य आपोआप जातं, असं मात्र नाही. माझ्या त्या मुलीला लोहही लागलं आणि मनाच्या गोळ्याही.

मोबाइलबद्दल पालक मला सर्वांत जास्त विचारतात. रात्री अंथरुणात मोबाइल नको, हे खरंच आहे. प्रकाशाने आणि त्यातल्या गुंतण्याने झोप आणखी लांबते. आमच्याकडे साडेदहाला फोन खाली फळीवर येतात. पण पहिल्या वर्षी हा नियम केला तेव्हा एक मुलगी मला म्हणाली, "काकू, दिवसात तेवढाच एक तास माझा असतो." तेव्हापासून फोन गोळा करण्याआधी अर्धा तास मी त्यांना गच्ची मोकळी करून देते. तिथे पाठांतर करायचं नाही, वही आणायची नाही. त्या चालतात, भांडतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या वेण्या घालतात. तो अर्धा तास मिळायला लागल्यापासून फोन गोळा करताना माझी ओढाताण होत नाही.

इथे एक धोका आहे, तो मला पूर्ण गंभीरपणे सांगायचा आहे. सवयींचं महत्त्व कळलेला माणूस लगेच उपदेश करू लागतो. पहाटे उठ, सूर्यनमस्कार घाल, बदाम खा, मन ताजंतवानं होईल. धडधाकट मुलाला हा सल्ला चालेल. नैराश्यात असलेल्या मुलीला तो ऐकवणं म्हणजे पाय मोडलेल्या माणसाला चालण्याचे फायदे सांगणं. तिला फायदे ठाऊक असतात. तिला उठू वाटत नसतं. सवयी सुधारणं हा उपचाराचा भाग असू शकतो, गोळ्या आणि समुपदेशन यांची जागा तो घेत नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी 'आता बरी दिसतेय' म्हणून आपल्या मनाने बंद करायची नसते.

पण उपचारातही एक वाट शरीराकडून मनाकडे जाते. इच्छा होईल तेव्हा करू, असं म्हणत थांबायचं नाही. अगदी छोटं काम आधी करायचं, इच्छा मागून येते. त्या मुलीला समुपदेशिकेने पहिल्या आठवड्यात दिलेलं काम होतं सकाळी दारात येऊन उन्हात पाच मिनिटं बसायचं. दुसऱ्या आठवड्यात अंगणात सडा टाकायचा. पुढे सड्यावर चार ठिपक्यांची रांगोळी. तिची आई मला रोज फोन करून सांगायची, "मॅडम, आज लेकरू दारात बसलं." ते तिच्याकडून होऊ शकत होतं, कारण कोणीतरी ते तिच्या शक्तीच्या मापाचं करून दिलं होतं आणि सोबत बसलं होतं.

त्या वर्षीच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, ती गावीच होती. आमच्याकडे त्या दिवशी शहर ओस पडतं, सगळे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी आणि आंबील होते. आईने सांगितलं, पोरीने त्या दिवशी आंबील दुसऱ्यांदा मागून घेतली. शेतात नेलं आणि बरी झाली, असं समजू नका. तेव्हा तिचे उपचार सुरू होऊन दोन महिने होत आले होते. पण 'आंबील अजून दे' हे तीन शब्द ऐकून ती माउली फोनवर रडली, आणि मीही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या मराठी चित्रपटात नैराश्यातल्या तरुणाला सावरणारी जानकी त्याला व्याख्यान देत नाही. ती त्याला निवारा देते, जेवण देते, वेळ देते आणि त्याच्या कलाने घेते. २०१६ च्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझ्याकडे मुली ठेवायला येणाऱ्या पालकांना तो पाहायला मी आवर्जून सांगते.

लोक मला म्हणतात, काकू, स्पर्धाच तेवढी आहे, काय करणार? मी स्पर्धा नाकारत नाही. २०२४ मध्ये नीटसाठी देशभरातून २४ लाखांवर मुलांनी नोंदणी केली, एमबीबीएसच्या जागा एक लाखाहून थोड्या जास्त. म्हणजे बहुतेक मुलांना ती जागा मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. मग सगळ्याच मुलांच्या वाढीच्या वयातली दोन-तीन वर्षांची झोप, खेळ आणि भूक कापून आपण कोणासाठी ठेवतो आहोत? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला होता. प्रत्येक घटनेमागे अनेक कारणं गुंतलेली असतात, एकट्या परीक्षेवर किंवा एकट्या झोपेवर बोट ठेवणं बरोबर नाही. पण या यादीत महाराष्ट्राचं नाव पहिलं वाचून आपल्या वेळापत्रकाला हातच लावायचा नाही, हे मला पटत नाही.

नियम नाहीत असंही नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, फार पहाटे आणि फार उशिरा वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा नको. माझ्या पाटीवरचे क्लासचे तास मोजा, पावणेसात होतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि त्यात क्लासही येतात. हे सगळं लिहिलेलं आहे. ते गल्लीत उतरवायला आपल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात जावं लागेल, आणि त्यासाठी पालकांना तोंड उघडावं लागेल. क्लासचालक मला म्हणतात, पालकच जास्त तास मागतात. पालक म्हणतात, क्लासच तास लावतात. मधे लेकरू पावणेपाच तास झोपतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सकाळी साडेसातच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कुठलाही वर्ग नको. आठवड्यातला एक दिवस खरोखर सुट्टीचा असावा. शाळा-कॉलेजात खेळाचा तास कोणी दुसऱ्या विषयासाठी घेऊ नये, आणि मुली मैदानावर येतील अशी सोय असावी. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासलं जावं. वसतिगृह चालवणाऱ्या माझ्यासारख्यांना बदललेली झोप आणि परतलेला डबा ओळखायला शिकवावं. आणि आईबापांनी फोनवर 'टेस्टला किती पडले?' याच्या आधी 'झोप झाली का?' विचारावं. आपलं लेकरू अडचणीत आहे अशी शंका आली तर सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. क्रमांक आमच्या जिन्यात रंगवलेला आहे, ज्या पायरीवर ती मुलगी बसायची तिथेच समोर.

ती मुलगी पुढे डॉक्टर झाली नाही. एक वर्ष मागे पडली, मग आपल्या जिल्ह्यातच नर्सिंगला गेली. मधे एकदा पुन्हा त्रास झाला, पण या वेळी तिने स्वतःच आईला सांगितलं आणि उपचार लवकर सुरू झाले. दिवाळीत ती येऊन माझ्या दारात रांगोळी काढून जाते.

मी माझ्या वसतिगृहाच्या प्रवेश-अर्जात एक रकाना वाढवला आहे. 'मुलगी घरी किती वाजता झोपते आणि किती वाजता उठते?' पहिल्या वर्षी बऱ्याच पालकांनी तिथे अभिमानाने 'पहाटे चारला उठते' असं लिहिलं. यंदाच्या जूनमध्ये निलंगा तालुक्यातल्या एका वडिलांनी पेन हातात धरून बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, 'सहावीपर्यंत दहाला झोपायची. नंतर आम्ही लक्ष दिलं नाही.' तो अर्ज मी फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवला आहे. त्यांच्या मुलीचं दार मी सकाळी साडेसहाच्या आधी वाजवत नाही.